आठवीला शहरातली जुनी शाळा कशासाठी? देवरूखच्या सरांना उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया इतकी सविस्तर आहे की तिच्याखाली चार ओळी लिहून भागणार नाही, म्हणून हे वेगळं उत्तर. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी रत्नागिरी शहरातल्या जुन्या, खाजगी संस्थांनी चालवलेल्या अनुदानित हायस्कुलांबद्दल लिहिलं होतं. गावातल्या मराठी शाळेतून सातवी होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांच्या पालकांनी या शाळांचा विचार करावा, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर देवरूखजवळच्या एका माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या सरांनी कळवलं, की हा माजी विद्यार्थ्यांचा आठवणींचा सोहळा आहे. फलकावरच्या थोरामोठ्यांच्या नावांनी आजच्या मुलाचं पोट भरत नाही. वर्गात साठ-पासष्ट मुलं, पावसात गळकी कौलं, इंग्रजीची बोंब. ज्यांना परवडतं त्यांनी आपली मुलं केव्हाच सीबीएसईला नेली. आणि असं लिहून मी खेड्यातल्या शाळा ओस पाडायला हातभार लावते आहे.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे. त्याच्याकडे येतेच, पण आधी बाकीचं.

माझी मुलगी अशाच एका जुन्या शाळेत शिकते, पण मी त्या शाळेची माजी विद्यार्थिनी नाही. माझं शिक्षण लांजा तालुक्यातल्या गावात झालं. मुलगी आठवीला शहरातल्या शाळेत गेली तेव्हा कुठे मी ती शाळा आतून पाहिली. त्यामुळे माझ्याकडे तिथल्या आठवणी नाहीत. पालक म्हणून जे बघते तेच लिहिते.

फलकावरच्या नावांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण कोकणात ही हायस्कुलं का निघाली ते विसरून चालणार नाही. धोंडो केशव कर्वे परीक्षेला बसण्यासाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून तिथे त्यांना बसूच दिलं नाही. ते मॅट्रिक झाले 1881 साली, तेही मुंबईला जाऊन, रॉबर्ट मनी शाळेतून. हुशार मुलाला घाट तरी चढावा लागे नाहीतर बोट तरी पकडावी लागे. हा वनवास संपावा म्हणून गावोगावच्या वकील-डॉक्टर-व्यापाऱ्यांनी वर्गण्या काढून संस्था उभ्या केल्या. आज तुमची शाळा आहे, माझ्या मुलीची आहे, ती त्याच धडपडीतून. नावांचा अभिमान मिरवण्यापेक्षा हे कारण लक्षात ठेवावं असं मला वाटतं, कारण ते कारण अजून संपलेलं नाही.

आता निकाल. तुम्ही लिहिलंत, "निकाल तर आमच्याही शाळेचा शंभर टक्के लागतो." अगदी बरोबर, आणि म्हणूनच मागच्या लेखात मी निकालाचा उल्लेख केला नव्हता. कोकण मंडळाचा दहावीचा निकाल 2024 ला 99.01 टक्के होता आणि 2025 ला 98.82, राज्याचा 94.10 असताना. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जवळजवळ प्रत्येक मूल पास होतंय. मग गेटवरच्या "100% निकाल" या फ्लेक्सवरून शाळा-शाळांतला फरक कळणार कसा? शाळा शहरातली असो, खेड्यातली असो की सीबीएसईची, पालकांनी त्या फ्लेक्सकडे बघू नये, हे मी आजही म्हणेन.

फरक कळतो तो ज्या घरात विचारायला कोणी नाही, त्या घरातलं मूल शाळेत आल्यावर. ज्यांच्या आईबाबांना माहिती आहे, ओळखी आहेत, त्यांच्या मुलांना कुठलीही शाळा चालते. सर, तुम्ही जुन्या शाळेची तुलना सीबीएसई शाळेच्या वर्गाशी केलीत, एसी आणि स्मार्टबोर्डशी केलीत. मी ती भाट्याच्या किंवा कसोपच्या त्या घराशी करते, जिथे आठवीत गेलेलं मूल हे हायस्कूलचं तोंड बघणारं पहिलंच माणूस आहे.

एक साधी गोष्ट घ्या. आठवीत एन.एम.एम.एस. ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल शिष्यवृत्तीधारकांच्या यादीत आलं, तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांचे 48,000. ही शिष्यवृत्ती फक्त शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना आहे. स्वयंअर्थसहाय्यित शाळेत घातलेलं मूल कितीही गरीब असलं तरी या परीक्षेला बसू शकत नाही. ओढाताण करून, दागिने गहाण टाकून इंग्रजी माध्यमात मूल घालणाऱ्या किती पालकांना हे ठाऊक असतं? जुन्या शाळेत एक शिक्षक वर्षानुवर्षं हेच काम बघतो. उत्पन्नाचा दाखला कुठून काढायचा, बँकेत खातं कसं उघडायचं, आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नसेल तर काय करायचं, हे तो पालकांना धरून बसवून करून घेतो. तुमच्या शाळेतही कोणीतरी करत असेल, कदाचित तुम्हीच. पण मग ते तुम्ही गणित, विज्ञान, निवडणुकीचं काम आणि पोषण आहाराचा हिशेब सांभाळून करता, नाही का?

चित्रकलेचंही तेच. इंटरमिजिएट परीक्षेत ए श्रेणी मिळाली तर दहावीला 7 वाढीव गुण मिळतात, बीला 5, सीला 3. त्यासाठी आधी एलिमेंटरी द्यावी लागते, आणि दोन्हीसाठी शाळेत चित्रकलेचा शिक्षक लागतो. मोठ्या पटाच्या जुन्या शाळेत तो असतो. लहान शाळेत ते पद मुळात मंजूरच होत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर मी मागचा लेख लिहिला होता, ती.

मुलीचा बोनाफाईड आणायला जूनमध्ये मी शाळेच्या कार्यालयात बसले होते. तिथे मिऱ्याहून एक गृहस्थ आले होते. नातीला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा, जात वैधता प्रमाणपत्र हवं. इतर मागासवर्गासाठी पुरावा लागतो तो 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त आणि भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961. सातबाऱ्यावर जात नसते. जन्माची नोंद कुठे सापडली नाही. आठवत होतं एवढंच की वडील थोडे दिवस या शाळेत होते. कारकूनबाईंनी कपाटातून लाल कापडात बांधलेलं जनरल रजिस्टर काढलं. कागद पिवळा पडलेला, कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई मात्र शाबूत. अनुक्रमांक, पूर्ण नाव, जात, जन्मठिकाण, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल दिनांक, सोडल्याचा दिनांक, शेरा. बाईंचं बोट एकेका ओळीवरून खाली येत एका नावावर थांबलं. जातीच्या रकान्यात "भंडारी", गाव "मिऱ्या", साल 1954. गृहस्थांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "शेऱ्यात कारण काय लिहिलंनी आहे?" बाईंनी वाचलं, "सतत गैरहजर, सबब नाव कमी केले." ते म्हणाले, "मासेमारीचा हंगाम असणार." उतारा मिळाला, शिक्का झाला, आणि ते तडक जात पडताळणीच्या कचेरीकडे निघाले.

वर्षभरही धड न शिकलेल्या माणसाची एक ओळ शाळेने सत्तर वर्षं जपली, आणि त्या ओळीवर त्याच्या पणतीचा प्रवेश अवलंबून होता. हे काम पाच-दहा वर्षांची शाळा करू शकत नाही, तिची कितीही इच्छा असली तरी. दरवर्षी मे-जूनमध्ये कुणबी, भंडारी, गाबीत, तेली, बौद्ध, सगळ्या घरांतली माणसं या कार्यालयात येतात. त्यांतल्या अनेकांची नातवंडं त्या शाळेत नसतात, तरी त्यांना कोणी परत पाठवत नाही.

इथे मला जुन्या संस्थांनाही सांगायचंय: ही रजिस्टरं स्कॅन करून घ्या. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या कागदांचा कसा लगदा झाला ते आपण पाहिलंय. माजी विद्यार्थी गणपतीला गावी येतात, शाळेला काय देऊ विचारतात आणि स्वागत कमान देऊन जातात. त्यापेक्षा स्कॅनर आणि दोन महिन्यांचं मानधन द्या.

वर्गात साठ-पासष्ट मुलं असतात, हे खरं आहे. इतक्या मुलांत बाईंना प्रत्येकाची वही तपासता येत नाही, आणि मागच्या बाकावरचं मूल वर्षभर मागच्याच बाकावर राहतं. मी याचं समर्थन करणार नाही. शिपायांची पदं रिक्त झाली की भरली जात नाहीत. 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने त्यांच्या जागी ठोक भत्ता आणला. शिक्षक निवृत्त झाला की पवित्र पोर्टलची, म्हणजे शासनाच्या ऑनलाइन शिक्षक भरतीची, वाट बघायची. वेतनेतर अनुदानात कौलं बदलत नाहीत. पण रिकाम्या पदावर शिक्षक येईपर्यंत संस्था स्वतःच्या पैशातून मानधनावर कोणाला तरी उभं करते. माझ्या मुलीला नववीत विज्ञान शिकवलं ते अशाच एका मानधनावरच्या ताईंनी, आणि त्यांच्यामुळेच ती प्रयोगवहीला घाबरायची थांबली. त्या मानधनाचे पैसे मुंबईतल्या एका जुन्या बॅचने दिले होते. संस्थेच्या पाठीशी माणसं असणं म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं.

इंग्रजीबद्दल म्हणाल तर सेमीची तुकडी आहे, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाला पहिलं सहामाही जड जातं. पालकांनी तेवढा धीर धरावा. ही तुकडी बरेचदा विनाअनुदानित असते आणि तिला फी असते. ती पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागते आणि एकदा ठरली की दोन वर्षं बदलता येत नाही. सभेला जा आणि विचारा. अनुदानित तुकडीत शिक्षण शुल्क नाही. प्रवेशाच्या वेळी कोणी "इमारत निधी दिलात तरच" म्हणालं तर ते 1987 च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याच्या विरुद्ध आहे. शाळा शंभर वर्षांची असली म्हणून तिला यातून सूट नाही.

"पैसेवाले गेले" हे तुम्ही दोष म्हणून लिहिलंत. मला त्याचं वाईट वाटतं, पण वेगळ्या कारणाने. याच रत्नागिरीत शंभर वर्षांपूर्वी अस्पृश्य मानलेल्या मुलांना वर्गात वेगळं बसवत, आणि ते मोडायला चळवळ करावी लागली. जुनी शाळा जुनी म्हणून पवित्र नाही, तिनेही दारं बंद ठेवलेली आहेत. ती उघडल्यानंतरच्या काळात मात्र एका बाकावर डॉक्टरांची मुलगी, रिक्षावाल्याचा मुलगा आणि मिरकरवाड्यातली पोर बसली. आता डॉक्टरांची मुलगी तिथून उठून गेली आहे. यात सगळ्यांत जास्त नुकसान तिचंच झालंय, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता खेड्यातल्या शाळा. पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, पदं जातात, पदं गेली की उरलेले पालक मुलं काढतात, आणि 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयानंतर वीसच्या आतल्या पटावर तर टांगती तलवारच आहे. तुम्ही हे रोज भोगता. माझ्या गावची शाळाही त्याच वाटेवर आहे. त्यामुळे "सगळ्यांनी शहरात या" असं मी लिहिलं नव्हतं आणि लिहिणारही नाही. पाचवीतल्या मुलाला पहाटेच्या एस.टी.त कोंबून शहरात आणणाऱ्या पालकांशी मी स्वतः भांडले आहे. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास आहे आणि मुलग्यांना एक तृतीयांश भाड्यात, म्हणून पैशाचा प्रश्न सुटतो. पण जुलैच्या पावसात रहाटाघरच्या स्टँडवर भिजत उभं राहण्याचा सुटत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आठवीच्या प्रवेशाआधी पालकांनी गावच्या शाळेत जाऊन विचारावं: गणिताचं पद भरलंय का, विज्ञानाचं भरलंय का, एन.एम.एम.एस.ला मागच्या वर्षी किती मुलं बसली? उत्तर "हो" असेल तर मुलाला तिथेच ठेवा, रोजचे तीन तास वाचतील. उत्तर "नाही" असेल, तर तीन वर्षं "येईल शिक्षक" म्हणत बसायला मी कोणालाही सांगणार नाही, कारण मूल तोवर दहावी होऊन जातं.

तुमच्या शाळेत ही दोन्ही पदं भरलेली असतील तर कृपया इथेच खाली लिहा, गावाच्या नावासकट. संगमेश्वर तालुक्यातले बरेच पालक हे वाचतात, आणि शहराकडे निघालेल्या काही जणांना मी स्वतः तुमच्याकडे पाठवीन.

तुमची,
रत्नागिरीची एक पालक