दाढेतला स्क्रू डोळ्यात जात नाही, आत्या

परवा रात्री साडेनऊला साताऱ्याहून आत्याचा फोन. "अरे, मी ती दाढ बसवून घेत नाही. डोळे जातात म्हणे." दोन महिने मागे लागून तिला दातांच्या डॉक्टरकडे नेली होती. गेलेल्या दाढेच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू घालून त्यावर खोटा दात बसवायचा, म्हणजे इम्प्लांट. स्कॅन झाला होता, तारीख ठरली होती. भिशीच्या ग्रुपवरच्या एका मेसेजने सगळ्यावर पाणी फिरवलं.

मेसेज मलाही आला. पाच मुद्दे आणि शेवटी जोडलेले हात. वरच्या दाढेच्या जागी स्क्रू घातला की डोळ्याची नस तुटते. टायटॅनियमने कॅन्सर होतो. पुढे कधी एमआरआय करता येत नाही. दोन-तीन वर्षांत स्क्रू गळून पडतो, डॉक्टरांचा नुसता धंदा. आणि तिळाचं तेल-हळद हिरडीला चोळली की सहा महिन्यांत नवा दात उगवतो, जपानने सिद्ध केलंय.

आधी डोळा, कारण आत्या त्यालाच घाबरलीय. (कालपासून उजवा डोळा फडफडतोय, हेही सांगून झालं.) आपल्याला दिसतं ते ज्या नसेमुळे, ती डोळ्याच्या मागून निघते आणि मागच्या मागे मेंदूत जाते. दाताकडे ती फिरकतच नाही. दाताला ठणका लागल्याचं कळवते ती नसच वेगळी. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांत नजरेची दुसरी, दातांची पाचवी. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते, सर्दीत गाल जड होतो ना, तीच. डोळ्याची खोबण त्याच्याही वर. इम्प्लांट असतो साधारण ८ ते १२ मिलिमीटरचा. हाड कमी असेल तर त्याचं टोक सायनसमध्ये घुसू शकतं, म्हणून तर आधी स्कॅन काढतात आणि लागलीच तर तिथे हाडाची भर घालतात.

मग हा समज आला कुठून? माझा अंदाज सांगतो. आपल्याकडे दाढेत पू होऊन गाल सुजतो, डोळा मिटायला लागतो, तेव्हा कुठे माणूस दवाखान्यात जातो. खापर मात्र फुटतं दाढ काढण्यावर. शिवाय दाढा पडायचं आणि मोतीबिंदू व्हायचं वय एकच.

नस दुखावते यात अर्धं खरं आहे, तेवढं कबूल करतो. पण ती खालच्या जबड्यातली. तिथल्या हाडातून जाणाऱ्या नसेला स्क्रू लागला तर ओठ, हनुवटी बधिर राहते, कधी कायमचीसुद्धा. डॉक्टरला विचारायचं ते हे.

एमआरआय होतो. टायटॅनियमला लोहचुंबक ओढत नाही. तोंडाजवळचं चित्र थोडं बिघडतं, आधी सांगून ठेवायचं, एवढंच. कॅन्सरचं म्हणाल तर काकांच्या मांडीत अपघातानंतर टायटॅनियमचाच रॉड घातलाय, तेव्हा कुणी मेसेज पाठवला नव्हता. आणि हे वाचून घाबरणारी आत्या सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते! तोंडात धरायच्या तंबाखूने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने कधीच ठरवून टाकलंय.

"दोन-तीन वर्षांत गळतो" याला एकच उत्तर पुरे. २०१९ साली जर्नल ऑफ डेंटिस्ट्रीमध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. दहा वर्षांनी टिकलेले इम्प्लांट ९६.४ टक्के, तपासणीला यायचं मध्येच सोडलेल्या रुग्णांचा कडक हिशेब धरला तरी ९३.२. स्वीडनमध्ये ब्रोनमार्क नावाच्या डॉक्टरांनी १९६५ मध्ये ज्या पहिल्या रुग्णाला हे बसवले, त्याने ते मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं वापरले. निकामी होतात तेही आहेतच. तंबाखू, आटोक्यात नसलेली साखर, घासायचा कंटाळा, ही त्याची नेहमीची कारणं. धंद्याचंही पूर्ण खोटं नाही. रूट कॅनॉलने वाचणारा दात उपटून इम्प्लांट गळ्यात मारणारे आहेत. ज्याला परवडत नाही त्याने ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला खोटा दात) किंवा कवळी लावावी, त्यात कमीपणा कसला?

खरा राग मला तिळाच्या तेलाचा आहे. दुधाचे वीस, पक्के बत्तीस. त्यानंतर माणसाला दात येत नाहीत. जपानचं नाव कुठून आलं तेही सापडलं. क्योटोत २०२४ मध्ये दात उगवायच्या एका औषधाची माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली. औषध शिरेतून द्यायचं आणि ते अपायकारक नाही ना, एवढंच त्यात आधी तपासायचं होतं. तेलाचा, हळदीचा त्यात संबंध नाही. पण हिरडी चोळत सहा महिने काढले तर रिकाम्या जागेचं हाड झिजतं. दाढ काढल्यावर पहिल्या वर्षात त्याची रुंदी निम्म्याच्या आसपास कमी होऊ शकते, त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांतच. मग भर घालायचा वेगळा खर्च. आत्या आत्ताच एका बाजूने चावते, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खाते. मेसेज पाठवणारा येणार आहे का तिला भाकरी चावून द्यायला?

हे सगळं तिला काल फोनवर पाऊण तास सांगितलं. डोळ्याचं पटलं. एमआरआयचं पटलं. शेवटी म्हटलं, डॉक्टरांनी मिश्री बंद करायला सांगितलीय, तेवढी सोड.

"मग त्या मेसेजमध्ये काहीतरी तथ्य असेल रे," आत्या म्हणाली.