पोरं घरीच शिकतायत? मग आधी टाईमटेबल लॅमिनेट करा

पोरांना शाळेतून काढलं ना, छान, आता अभ्यासाचं नंतर बघू, पहिल्यांदा आपल्या सोलापूरच्या नव्या पेठेत जाऊन मोठा चार्ट पेपर आणि स्केचपेनांचं जाडं पाकीट आणा. प्रत्येक विषयाला वेगळा रंग, प्रत्येक पोराला वेगळा रकाना, आणि सगळं झालं की लॅमिनेशन. लॅमिनेशन मस्टच आहे, टाईमटेबल आठवडाभर टिकलं नाही तरी कागद तरी टिकला पाहिजे ना.

सुरुवात पहाटे साडेपाचला योगासनांनी करा. तुम्ही स्वतः आयुष्यात कधी साडेपाचला उठला नसाल तरी चालतं, चार्टवर उठायला काय लागतंय. मग साडेसहाला वाचन, आठला गणित, दहाला विज्ञान, अकराला 'जीवनकौशल्य'. जीवनकौशल्य म्हणजे भांडी. पोरांना भांडी घास म्हणलं की पोट दुखतं, जीवनकौशल्य म्हणलं तरी दुखतंच, पण फोटो टाकताना बरं दिसतं. एप्रिल-मेमधे दुपारी तीनला मैदानी खेळ लिहा, सोलापुरात तेव्हा पारा ४२-४३ वर असतो, पोरं आपोआप ऊर्जेचे प्रकार शिकतात.

एक गोष्ट मात्र चार्टवर चुकूनही लिहू नका, पाणी. उजनी धरणातून शंभरेक किलोमीटर पाईपातून ते आपल्याकडं येतं, चार-पाच दिवसांनी एकदा, आणि येताना तुमचा चार्ट वाचून येत नाही. पहाटे तीनला पण येतं, बरोब्बर गणिताच्या तासाला पण येतं. शेजारच्या काकू गॅलरीतनं "पाणी आलंय ओऽऽ" ओरडल्या की योगा, वाचन, व्याकरण सगळं बाद, बादल्या, घागरी, पिंप, जे दिसेल ते नळाखाली. पण तुम्ही आदर्श पालक, तुम्ही इथं संधी शोधायची. धाकटीला विचारा, पंधरा लिटरची बादली दीड मिनिटात भरते तर तीनशे लिटरचं पिंप किती वेळात भरेल? ती दोन सेकंदात अर्धा तास म्हणून सांगते आणि वर विचारते, "झाला ना मम्मी तास? मग आता बादल्या कोण उचलणार?" हिला गणित येतंय याचा आनंद मानायचा आणि बादल्या आपणच उचलायच्या.

कामांच्या वाटणीचा तक्ता वेगळा करा. थोरल्याला झाडलोट, धाकटीला ताटं मांडणं, कपड्यांच्या घड्या दोघांत अर्ध्या-अर्ध्या, आणि नवऱ्याला देखरेख. काम केलं की स्टार चिकटवायचा. पहिल्या आठवड्यात स्टार संपतात, दुसऱ्या आठवड्यात थोरला आत पडल्या पडल्या "करलालोय की" म्हणून ओरडतो आणि झाडू जिथं होता तिथंच असतो. शेंगा चटणी हा प्रकल्प अवश्य घ्या, शेंगा सोलायच्या, दाणे भाजायचे, लसूण-तिखट घालून उखळात कुटायचे, म्हणजे हाताच्या स्नायूंचा विकास, रसायनशास्त्र आणि परंपरा एका तासात. सोललेले निम्मे दाणे उखळापर्यंत पोचत नाहीत, ती वजाबाकी समजा.

देखरेखवाले रात्री आठला एमआयडीसीतनं येतात, बूट काढता काढता विचारतात, "आज काय शिकवलीस?" यांना मुख्याध्यापक म्हणायचं. मुख्याध्यापक वर्ग घेत नाहीत, हे आपण लहानपणापासून बघत आलोय. शिवाय तुम्ही घरीच असता हे आता गल्लीला कळालेलं असतं, त्यामुळं समोरच्यांचं कुरिअर, वरच्यांच्या गॅसचा सिलिंडर, नणंदेचं पोरगं तासभर, सगळं तुमच्याकडं. "घरीच असतीस की" हे सासूबाई दिवसातनं जितक्या वेळा म्हणतात तितका पाढा पोरांनी म्हणला असता तर एव्हाना तिसाच्या पुढं गेली असती.

पाहुण्यांची उत्तरं पाठ करून ठेवा. "हे कायद्यात बसतं का?" असं विचारलं की २००९ चा शिक्षणहक्क कायदा, ६ ते १४ वयाची पोरं, असं काहीतरी भराभर बोलायचं आणि चहा पुढं करायचा. "दहावीचं काय?" म्हणलं की एनआयओएस सांगायचं, केंद्र सरकारचं मुक्त बोर्ड आहे, १४ पूर्ण झाली की थेट दहावीला बसता येतं, परीक्षा वर्षातनं दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाहुणा सगळं नीट ऐकून घेतो, मान डोलावतो आणि म्हणतो, ते ठीकाय ओ, पण शाळा कुठली?

इतिहास वर्गात घेऊ नका, पोरांना घेऊन बाहेर पडा. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी न्या. मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी, त्याआधी १९३० मधे आपल्या गावात मार्शल लॉ लागलेला, हे सगळं तुम्ही भारावून सांगता. थोरला शांतपणे ऐकतो आणि विचारतो, "मार्शल लॉ म्हणजे तुझ्या टाईमटेबलसारखं का?" इथं भेळ खाऊ घालून सहल आटपा. आणि तसंही जानेवारीत नवीन काही सुरू करू नका, संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, मग गड्ड्याची जत्रा, मोठमोठे पाळणे लागलेले असताना अपूर्णांक कोण करणार, तुम्ही तरी कराल का?

रविवारी आढावा बैठक घ्या. मुख्याध्यापक तक्ता बघून गंभीरपणे म्हणतील, "कागदावर नको, ॲप टाक, रिमाइंडर येतात." टाका. दर अर्ध्या तासाला फोन वाजेल, फोन थोरल्याकडं असेल कारण त्यात त्याचा ज्वालामुखीचा व्हिडिओ चालू असतो, तो रिमाइंडर अंगठ्यानं बाजूला सारेल, आणि ॲप तुम्हाला सांगेल की काम वेळेत पूर्ण झालं, अभिनंदन. सासूबाईंना तेवढं त्यात ॲड करू नका, त्या प्रत्येक तासाखाली गुलाबाच्या फुलासकट शुभ सकाळ टाकतात.