कंपासपेटीतली चुन्याची डबी

विट्याकडच्या पालकांच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. शाळेत व्यसनाबद्दल बोललं की नसलेलं खूळ पोरांच्या डोक्यात शिरतं. समुपदेशनाचे लाड बंद करा, वाया चाललेल्यांना एकदा तुरुंग दाखवा, नाहीतर छडी परत आणा. मी बावीस वर्षं नववी-दहावीला शिकवतोय. मला हे पटत नाही.

खूळ शाळेतून येतं? गेल्या वर्षी माझ्या नववीतल्या एकाच्या कंपासपेटीत कर्कटकाशेजारी चुन्याची डबी निघाली. बाप सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यात केरळला, घरी आजी. तंबाखू आजीच्याच चंचीतली. "दाढ दुखली की आज्जीच देती सर," म्हणाला. अठराच्या आतल्याला तंबाखू विकायची नाही, शाळेपासून शंभर यार्डांत तर कुणालाच नाही, हा कायदा २००३चा. पण चंचीला कुठला कायदा लागू होणार? त्या पोराला शाळेनं नाही तर कुणी सांगायचं?

तुरुंग दाखवून झालाय. अमेरिकेत न्यू जर्सीला १९७०च्या दशकात जन्मठेपेच्या कैद्यांकडून पोरांना दम देववला. पुढं अशा कार्यक्रमांची नीट तुलना केली, तर तुरुंग पाहून आलेली पोरं न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे करताना दिसली.

छडी मीही चालवलीय, सुरुवातीच्या वर्षांत. मार खाल्लेलं पोरगं दुसऱ्या दिवशी शाळेलाच यायचं नाही. मग ते दिवसभर कुठं असायचं, हे गावाला ठाऊक असायचं.

एक मात्र खरं, २६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनाची रॅली, शपथ आणि फोटो यानं काही होत नाही. पण म्हणून सगळंच बंद करायचं? बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांत अभ्यास झाला. पोरांच्या आरोग्याचा एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी चालवला, काहींत त्याच कामासाठी नेमलेल्या समुपदेशकानं. समुपदेशकाच्या शाळांत दादागिरी, मारामारी, पोरांची उदासी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. शिक्षक म्हणून हे वाचताना जड गेलं, पण ऑनलाइन माहिती भरता भरता पोराजवळ बसायला आम्हाला वेळ कुठं उरतो? पालकसभेत छडी नको, पूर्णवेळ समुपदेशक मागा.

डबीवाल्या पोराला मी दाताच्या डॉक्टरकडं नेलं. आजीशी बोललो. तीन आठवडे मधल्या सुट्टीत रोज त्याच्याजवळ बसलो, चंची बंद झाली होती. चौथ्या आठवड्यात दहावीचे बोर्डाचे फॉर्म आले आणि ते बसणं राहूनच गेलं.