शिट्टीबरोबर 87 टक्के उडून जातात म्हणे

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक लांबलचक मेसेज येऊन पडला. मजकूर थोडक्यात असा: कुकरमध्ये शिजवलं की डाळीतली 87 टक्के सत्त्वं मरतात, खिचडी हे आजाऱ्याचं अन्न, रात्री भात खाऊ नये, कुकरमध्ये आंबट पदार्थ ठेवू नयेत, आणि आपल्या आज्या चारीठाव स्वयंपाक करायच्या, आजच्या बायकांना एका भांड्यात उरकायचं असतं. तेव्हा मी दादरच्या पुलावर होते, घर अजून तासभर लांब. तिथून काय उत्तर देणार! आता देते.

आधी ते 87 टक्के. कुठल्या डाळीतलं कुठलं सत्त्व, कोणी मोजलं, काही पत्ता नाही. सगळी सत्त्वं एकाच पुडीत बांधलेली नसतात. लोह, कॅल्शियम ही खनिजं. ती आचेने मरत नाहीत. प्रथिनंही कुठे उडून जात नाहीत. उलट कच्च्या डाळीत पचनाला आडवे येणारे घटक असतात, ते शिजल्यावर निकामी होतात. घट होते ती क जीवनसत्त्व, थायमिन, फोलेट अशा नाजूक मंडळींची, आणि ती उघड्या पातेल्यातही होते. कुकरमध्ये दाबामुळे तापमान 120 अंशांच्या आसपास जातं, पातेल्यात ते 100च्या पुढे जात नाही. पण पातेल्यात डाळ किती वेळ रटरटते ते आठवून बघा. शिवाय ही जीवनसत्त्वं पाण्यात उतरतात, आणि खिचडीचं पाणी कोण ओतून देतं? ते तर आपण खातो.

खिचडी आजाऱ्याचं अन्न? चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता हिंदुस्थानात आला, तेव्हा इथले लोक मूग-तांदूळ एकत्र शिजवून, वर तूप घालून रोज न्याहारीला खातात, असं त्याने लिहून ठेवलंय. सगळे रोज आजारी नसणार. तांदळात लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी, तो डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन हा दुसरा घटक कमी, तो तांदूळ पुरवतो. जोडी उगीच जमलेली नाही.

माझी थकल्या दिवसाची खिचडी अशी. चप्पल काढली की आधी वाटीभर तांदूळ आणि अर्धी वाटी मूगडाळ धुऊन ठेवायची. कुकरमध्येच तेल, मोहरी, जिरं, हिंग, उभा चिरलेला कांदा, असला तर टोमॅटो, आणि फ्रिजमध्ये मान टाकत आलेला मूठभर पालक. हळद, तिखट, चमचाभर गोडा मसाला, मीठ, साडेचार वाट्या पाणी. तीन शिट्ट्या, गॅस बंद. वाफ आपली आपण जिरेपर्यंत माझी आंघोळ होते. मग वर तूप आणि विस्तवावर भाजलेला पापड. घासायला एक कुकर, एक ताट.

रात्रीच्या भाताबद्दल काय बोलायचं? कोकणातल्या कुणालाही विचारा.

आता आज्या. माझी आजी गिरगावातल्या चाळीत राहायची. खोलीत एकच स्टोव्ह, रॉकेल रेशनवर. चारीठाव व्हायचं ते सणाला, नाहीतर पाहुणे आले तर. एरवी पिठलं-भात, किंवा चकोल्या: तुरीच्या आमटीला उकळी आली की कणकेची पोळी लाटून, शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापून आत सोडायचे. पोळी आणि वरण एकाच पातेल्यात. 'उरकणं' हा शब्द मी तिच्याकडूनच शिकले. आणि सगळं एकदम शिजवायची सोय शोधणं हे काही आजचं खूळ नाही. कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिकांनी 1910 साली इकमिक कुकर काढला: खाली कोळसा, वर डब्यावर डबा, भात, डाळ, भाजी एका वेळी.

मेसेजमधलं एक मात्र बरोबर आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या कुकरमध्ये चिंच-कोकमाचं काही तासन्‌तास ठेवू नये. आंबटाने धातू उतरतो. शिजलं की स्टीलच्या भांड्यात काढा. खिचडी उरली तर तीही ओट्यावर रात्रभर राहू देऊ नका, आपल्या दमट हवेत तर नाहीच. शिजलेल्या भातात टिकून राहणारा एक जिवाणू असतो, त्याचं विष सकाळी पुन्हा गरम केलं तरी जात नाही. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. हे मात्र ग्रुपवर खुशाल पुढे पाठवा.