बाबांच्या पेटीबद्दल खुलासा

सोलापुरातल्या काही ग्रुपवर बाबांना श्रद्धांजली म्हणून एक मेसेज फिरतोय: 'आकाशवाणीने हार्मोनियमवरच्या बंदीमुळे या फौजदाराला ऑडिशनमधून परत पाठवलं, म्हणून त्यांनी पेटी कायमची मिटली.' हे खरं नाही. आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली १९४० साली. श्रुती (सुरांमधले बारीक भेद) आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) तिच्यातून निघत नाहीत, हा आक्षेप. १९७१ मध्ये ती शिथिल झाली. बाबा पोलिसात लागले १९७८ ला, आणि ऑडिशनला ते कधी गेलेच नाहीत.

पेटी मिटल्याचं तर बोलूच नका. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा बंदोबस्त संपवून आले, की सुजलेले पाय गरम पाण्यात सोडून समोरच्या स्टुलावर पेटी घ्यायचे. शेजारी झोपलेत म्हणून आई रागवायची. मग भाता अगदी हळू, कितीतरी वेळ एकाच सुरावर. तो सूर अजून कानात आहे. निवृत्तीनंतर गल्लीतल्या भजनाला साथ त्यांचीच, अगदी शेवटच्या एकादशीपर्यंत.

मेसेज प्रेमापोटीच लिहिला असणार. पण बाबांना कुणी नाकारलं नव्हतं, त्यांच्या मनात कडवटपणाही नव्हता. कृपया तो पुढे पाठवू नका. पेटी घरीच आहे. भजनाला लागेल तेव्हा न्यावी.