पातळ नेक म्हणजे सोपा नेक? एका प्रतिक्रियेला उत्तर

इलेक्ट्रिक गिटारचा नेक, म्हणजे डाव्या हातात धरायची लांब दांडी, निवडताना दिसणं आणि हाताची सोय दोन्ही बघा, अशा अर्थाच्या माझ्या लेखावर एका वाचकांची खरमरीत प्रतिक्रिया आली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नेक जितका पातळ तितकी गिटार वाजवायला सोपी, बाकी सगळा दिखाऊपणा, लेखकाला फ्लेम मेपल (लहरी रेषांचं लाकूड), बाइंडिंग (काठाची पट्टी) आणि इनले (जडवलेली नक्षी) यांचंच कौतुक, नेकच्या मागची काळी पट्टीसुद्धा निव्वळ शोभेची, चकचकीत फिनिशला हात चिकटतो याचा लेखात उल्लेखच नाही. आणि शेवटी, "लेखकाने स्वतः तासभर सलग वाजवून पाहिलं असतं, तर हे लिहिलंच नसतं."

शेवटच्या वाक्यावर आधी बोलतो. मत पटलं नाही तर तसं सांगा, माझी हरकत नाही. पण मुद्दा बाजूला ठेवून समोरच्याची लायकी काढायची, ही कुठली रीत? तुम्ही मला ओळखत नाही. मी अनेक वर्षं दुसऱ्यांच्या गिटारी दुरुस्त करून पोट भरलं आहे. फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासणं, ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई) पिळणं, तुटलेले हेडस्टॉक (खुंट्यांचं टोक) चिकटवणं हेच काम. त्याच काळात बँडमध्ये उभ्याने वाजवलंही, आणि ते तासाभरात संपत नसे. हे मिरवायला सांगत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतोय. म्हणजे खरं तर विचारलंही नाहीत, ठरवूनच टाकलंत.

आता 'पातळ तितका सोपा' याकडे येऊ.

कोणासाठी सोपा? अंगठा नेकच्या मागे मध्यावर टेकवून, मनगट खाली ठेवून भराभर स्केल वाजवणाऱ्याला पातळ नेक आवडतो, हे खरं. आयबानेझ कंपनीचा मूळ 'विझार्ड' नेक पहिल्या फ्रेटपाशी 17 मिमी आणि बाराव्यापाशी 20 मिमी, तो अशाच हातांसाठी. पण अंगठा वरून काठावर आणून तार ओढणाऱ्याचं काय? बेंड करताना, म्हणजे तार आडवी ओढून स्वर चढवताना, जोर एकट्या बोटांचा नसतो. तळवा नेकला धरून असतो आणि मनगट फिरतं. तळव्याला धरायला काही मिळालं नाही, तर सगळा भार अंगठ्याच्या बुडाशी येतो. माझ्याकडे एक जण अगदी हीच तक्रार घेऊन आला होता. नेक तुमच्या आवडीचा, एकदम पातळ, आणि तासभर वाजवलं की अंगठा आखडायचा. मी नेकच्या मागे मास्किंग टेपचे थर चढवले, मधे जाड आणि कडेला उतरते, आणि म्हटलं, असंच घेऊन जा, थोडे दिवस वाजवून बघ. दिसायला अगदी भिकार दिसत होतं ते. तो परत आला तेव्हा टेप काढून द्यायला तयार नव्हता. हा सगळ्यांना लागू पडणारा उपाय आहे असं मी म्हणत नाही. पण 'पातळ तितका सोपा' म्हणणाऱ्याने एवढं तरी ऐकून घ्यावं.

दुसरं, लाकूड. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. तेच लाकूड, तीच रुंदी, आणि जाडी 21 वरून 19 मिमी केली, तर लाकडाचा ताठपणा जवळजवळ एक चतुर्थांशाने घटतो. दहा ते सेहेचाळीसचा (तारांची जाडी, इंचाच्या हजारांशात) नेहमीचा सेट फेंडर कंपनीच्या गिटारवर, साडेपंचवीस इंच लांबीच्या तारांनी, सुरात लावला, की सहा तारा मिळून साधारण 45 किलोने नेक ओढत असतात. म्हणून फार पातळ नेकमध्ये बनवणारे कार्बन फायबरच्या पट्ट्या घालतात, किंवा वेगवेगळ्या लाकडांचे थर जोडतात. नाही घातल्या, तर हवा बदलली की नेक वाकतो, अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वर जाते आणि तुमचा 'सोपा' नेक अवघड होतो. मग ट्रस रॉड पिळायला आमच्याकडे!

आणि बऱ्याचदा लोक ज्याला 'जाड नेकचा त्रास' म्हणतात, तो जाडीचा नसतोच. जुन्या फेंडरचा फ्रेटबोर्ड (नेकची पुढची, बोटं टेकवायची बाजू) सव्वासात इंच रेडियसचा, म्हणजे चांगलाच गोलाकार; त्रिज्येचा हा आकडा लहान तितकी गोलाई जास्त. त्यावर अ‍ॅक्शन खाली ठेवून पहिल्या तारेचा मोठा बेंड मारला, की तार मधल्या उंचवट्यावरच्या फ्रेटला घासते आणि स्वर मरतो. गिब्सन कंपनीच्या बारा इंचांवर हा त्रास बराच कमी. हल्लीचे कंपाउंड (बदलते) रेडियस नटपाशी, म्हणजे हेडस्टॉकजवळच्या तारांच्या खाचांच्या पट्टीपाशी, गोल आणि पुढे सपाट होत जातात, ते यासाठीच. नेक मागून कितीही तासा, हा प्रश्न सुटणार नाही. बिचाऱ्या जाडीवर आळ मात्र येतो.

काळ्या पट्टीबद्दल तर वादच नको. फेंडरचा सुरुवातीचा मेपल नेक एकाच तुकड्याचा होता, फ्रेटबोर्ड वेगळा चिकटवलेला नव्हता. मग ट्रस रॉड घालायला खाच मागूनच पाडावी लागे आणि ती बुजवायला अक्रोडाच्या लाकडाची पट्टी. 1958-59 मध्ये रोजवुडचे वेगळे फ्रेटबोर्ड आले, रॉड पुढून बसवता येऊ लागला आणि त्या नेकवरची पट्टी गेली. शोभेची असती तर कशाला गेली असती? इनले फ्रेटबोर्डच्या पातळीत घासलेला असतो, बोटाला कळतही नाही. तो आवडत नसेल तर बघू नका. बाइंडिंगचंही तेच, काठ नीट गोलवलेला असला की झालं.

फिनिशचं मात्र बरोबर आहे तुमचं. घामट हाताला चकचकीत लाखेचा नेक चिकटतो आणि लेखात त्याला एक ओळ द्यायला हरकत नव्हती. उपाय सोपा आहे. नेकचा फक्त मागचा भाग बारीक स्कॉचब्राइटने (घासायच्या जाळीदार पॅडने) एकाच दिशेने, हलक्या हाताने घासायचा, चमक मरेपर्यंत आणि त्यापुढे नाही. नटपाशी आणि हीलपाशी (नेक गिटारच्या अंगाला जोडतो तिथे) आधी टेप लावून घ्यायची, म्हणजे रेघ सरळ येते. हेडस्टॉक आहे तसाच चकचकीत राहतो. दिसणंही राहिलं आणि हातही सुटा. मी लेखात दुसरं काय म्हणत होतो?

प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहाल तेव्हा माझ्या वाजवण्यावर नको. तुमचा नेक पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी कॅलिपरने मोजा, रेडियस आणि अंगठा कुठे ठेवता तेही कळवा. मग बोलू.