साठाव्या सेकंदाचा सांधा

लहानपणी टेपरेकॉर्डरने कॅसेट खाल्ली की ती दुरुस्त करायचं काम माझ्याकडे असायचं. चुरगळलेली फीत बोटांनी सरळ करायची, खराब तुकडा ब्लेडने कापायचा, दोन टोकं जुळवून मागून सेलोटेपची बारीक पट्टी लावायची आणि बॉलपेन घालून चक्री फिरवायची. कॅसेट पुन्हा वाजायची, पण त्या जागी गाणं उडी मारायचं. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "आलं बघ तुझं ठिगळ."

म्हणूनच बीटल्स या इंग्लिश बँडच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'मध्ये असंच एक ठिगळ आहे हे कळलं, तेव्हा माझा विश्वास बसेना. कितीतरी वर्षं ते गाणं ऐकत होतो आणि मला पत्ताच नव्हता!

१९६६ चा डिसेंबर. लंडनमध्ये ॲबी रोडवरचा ईएमआयचा स्टुडिओ. एकाच गाण्याची दोन रेकॉर्डिंग तयार होती. एक साधं, बँडचं. दुसरं चार ट्रम्पेट आणि तीन चेलो घेऊन केलेलं. बँडचा गायक जॉन लेनन याला एकाची सुरुवात आवडली, दुसऱ्याचा शेवट. त्याने प्रोड्यूसर, म्हणजे रेकॉर्डिंगची सूत्रं सांभाळणाऱ्या जॉर्ज मार्टिनना सांगितलं, दोन्ही जोडा. आता पंचाईत अशी की दोन्हींची पट्टी वेगळी, लयही वेगळी. पण संथ रेकॉर्डिंग खालच्या पट्टीत होतं आणि जलद वरच्या. टेपचा वेग बदलला की लयीबरोबर सूरही चढतो-उतरतो. पहिलं थोडं पळवलं, दुसरं थोडं रोखलं, आणि दोन्ही एकमेकांना येऊन मिळाली. ऐन विशीतला इंजिनीअर जेफ एमरिक सोबत होता. फीत कापली, जोडली. साधारण साठाव्या सेकंदाला हेडफोन लावून ऐका. लेननचा आवाज एकदम जड होतो, अर्धवट झोपेत बोलल्यासारखा. तो सांधा कळल्यापासून मला ते गाणं दुप्पट आवडायला लागलंय.

क्लासिक रॉक, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातलं असं रॉक संगीत, आवडतं म्हटलं की लोक म्हणतात, "तुमच्या तरुणपणची गाणी ना, म्हणून!" मला हे पटत नाही. हे गाणं आलं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. ही गाणी टिकली त्यात गाणाऱ्यांचा आणि गिटारवाल्यांचा वाटा आहेच. पण स्टुडिओतल्या काचेच्या पलीकडे बसून कान देणाऱ्या माणसाचा वाटाही तेवढाच मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा ॲबी रोडच्या त्या स्टुडिओत चार ट्रॅकची मशीन होती, म्हणजे एका फितीवर चार आवाज वेगवेगळे घेता यायचे. चारही भरले की ते मिसळून दुसऱ्या मशीनच्या एका ट्रॅकवर घ्यायचे, तेव्हा कुठे पुढच्या वाद्यांना जागा व्हायची. आणि एकदा मिसळलं की मिसळलं, आमटीत पडलेलं मीठ जसं. ड्रम किती मोठे हवेत, आवाज किती जवळ हवा, हे तिथल्या तिथे ठरवावं लागे. ते ठरवणं मला आजही ऐकू येतं.

जॉर्ज मार्टिन ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य शिकलेले. बीटल्सच्या आधी त्यांनी विनोदी रेकॉर्ड्स केल्या होत्या, त्यामुळे आवाजाच्या करामती हातात बसलेल्या. बीटल्सच्याच 'अ डे इन द लाइफ'साठी त्यांनी चाळीस वादक बसवले आणि चोवीस बारमध्ये, म्हणजे तालाच्या चोवीस आवर्तनांत, खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत चढत जायला सांगितलं. शिवाय शेजाऱ्याशी जुळवून घ्यायचं नाही! आयुष्यभर एकत्र वाजवायचं शिकलेल्या माणसांना असं सांगायला केवढा विश्वास लागत असेल.

लेड झेपेलिन या दुसऱ्या इंग्लिश बँडचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' घ्या. १९७१ ची रेकॉर्ड, प्रोड्यूसर बँडचाच गिटारवाला जिमी पेज. इंग्लंडमधल्या हॅम्पशरच्या एका जुन्या घरात बँडचा ड्रमर जॉन बोनहॅम याचे ड्रम जिन्याखालच्या हॉलमध्ये मांडले आणि इंजिनीअर अँडी जॉन्सने दोन माइक वर जिन्यावरून टांगले. ते घर वाजतंय त्या गाण्यात, नुसते ड्रम नाहीत.

आपल्याकडे अशी माणसं नव्हती असं नाही. गोव्याचे अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसूझा यांनी हिंदी सिनेमाच्या गाण्यांसाठी वाद्यमेळ रचला, वादकांपुढे नोटेशन लिहून ठेवलं. संगीतकार घराघरात पोचले, हे अरेंजर मात्र फार थोड्यांना माहीत. मी ज्या ॲपवर गाणी ऐकतो तिथे तर गायकाच्या पलीकडचं नाव शोधायला चार ठिकाणी बोट लावावं लागतं, आणि एवढं करून कधीकधी ते नसतंच. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

तुमच्या घरात, वाड्यात, गावात कुणी असे अरेंजर किंवा वादक होऊन गेले असतील तर एक विनंती आहे. त्यांच्या नोटेशनच्या वह्या, रेकॉर्डिंगच्या तारखा लिहिलेल्या डायऱ्या रद्दीत घालू नका. आधी फोटो काढा, कुठल्या गाण्याच्या आहेत ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून मागे पेन्सिलीने लिहून ठेवा.